बावीस मार्कांचं वायंडिंग

मी एक जुनी मोटर आहे. पाच हॉर्सपॉवरची, कोल्हारच्या नदीकाठची. मला मार्कलिस्ट नाही, म्हणून मी कुणाला भीतही नाही. ऐका मित्रांनो, खरं तेच सांगते.

पंधरा वर्षं मी कानिफनाथकाकांच्या उसाला पाणी दिलं. नवी होते तेव्हा हार घातला, नारळ फोडला. पुढे कोण विचारतं! मला लाईटचे तीन फेज लागतात; यंदा भर उन्हात त्यातला एक गेला. थांबावं की नाही? छे! काकांनी कंडेन्सर जोडला आणि मला दोनच फेजवर पळवलं. जळाले मी. धूर निघाला तेव्हा कुठे बटण बंद केलं.

टेम्पोत घालून मला जॉर्जकाकांच्या वायंडिंगच्या, म्हणजे जळक्या मोटरीत नव्या तारा भरायच्या दुकानात आणलं. त्यांचा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून त्यांची मुलगी आराधना पुढे झाली. दहावीला गणितात बावीस मार्क मिळवून नापास झालेली. तो आकडा अख्ख्या गावाला पाठ.

"ही भरनार माझी मोटर?" कानिफनाथकाका म्हणाले. "हिला बेरीज तरी येती का? मी नगरला नेतो."

"न्या की. तिथं आठ दिस लागतील, तवर ऊस वाळंल," आराधना म्हणाली. "माझ्या हातनं बिघडली तर पुन्हा या दुकानात पाय ठेवनार न्हाई मी."

बापरे! मला धडकीच भरली.

तिने जळक्या तारा काढल्या आणि एकेक वेढा बोटाने मोजला. मग मान वर केली. "काका, मागं नगरलाच भरली हुती ना? एका कॉइलला चार वेढे कमी हायेत. म्हनून तापायची ही."

खरंच तापत होते मी! आणि त्या नगरच्या मिस्त्रीचं सर्टिफिकेट भिंतीवर फ्रेममध्ये होतं, मी स्वतः पाहिलं होतं.

दोन दिवस आराधना मान मोडून बसली. वेढे मोजताना कुणी हाक मारली तरी ओ देईना. तिसऱ्या दिवशी नदीवर बटण दाबलं. तिने तिन्ही तारांना मीटर लावला. तिन्हींचा आकडा सारखा, म्हणजे वेढे बिनचूक! पाइपातून पाणी धो धो सुटलं.

कानिफनाथकाका खाली मान घालून म्हणाले, "पोरी, मग गनितात नापास कशी झालीस गं?"

"पेपरात मोटर कुठं हुती, काका?"

मित्रांनो, ते बावीस मार्क तीन तासांच्या पेपराचे. माझ्या पोटातले वेढे तिचे आहेत आणि ते रोज पाणी ओढतात. मला जपा, दोन फेजवर पळवू नका. तरी जळालेच, तर आराधनाकडेच न्या. आणि तेव्हा कुणी तिच्या मार्कांचा विषय काढला, तर सांगून ठेवते, मी सुरूच होणार नाही.