एकेचाळिसावं दार

सातपूरच्या एका कारखान्यात मी चौतीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो. दुसऱ्याच्या नकाशात चूक काढायची आणि आपल्या नकाशात कोणाला काढू द्यायची नाही, एवढंच मी शिकलो. म्हणून आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या कलाप्रदर्शनात मी माझं चित्र लावलं आणि खाली चिठ्ठी डकवली, ‘चूक दाखवा.’

“यादवराव, हे प्रदर्शन आहे, परीक्षा नाही,” आमची ही, म्हणजे मोहिनी, म्हणाली. शेजारीच तिची तीन विणलेली तोरणं टांगली होती, त्यामुळे तिला बोलायचा हक्क होता.

चित्र आमच्या जुन्या चाळीचं होतं. कामगारांची चाळीस बिऱ्हाडं, समोरासमोर दोन रांगा, मधे पाण्याची टाकी. चाळ पाडून तिथं आता सात मजली इमारत उभी आहे. मंजूर नकाशाची एक प्रत माझ्या ट्रंकेत राहिली होती. तिच्यावरून मापं घेऊन, पाच महिने खपून, मी काळ्या शाईत चाळीसच्या चाळीस दारं काढली.

तीन दिवस समाजमंदिरात नुसती जत्रा. जो येई तो आधी आपलं दार शोधी. अकरा नंबरच्या पुंजा टर्नरनं दारावर बोट ठेवलं आणि म्हातारा चक्क रडायला लागला. उज्ज्वलावहिनी आल्या त्या जाईचा वेल शोधत, वेल होता. मग नळावरची भांडणं निघाली, पहिल्या पाळीचा भोंगा निघाला, एकोणीस नंबरातून येणारा बोंबलाचा वास निघाला. कोणी कोणाला घरी जाऊ देईना. चिठ्ठीखाली चुका लिहायला लावलेला कागद कोराच राहिला आणि माझी छाती फुगत चालली.

शेवटच्या दिवशी, दुपारी, एक वाकलेली म्हातारी आली. मी ओळखलं नाही. मोहिनीनं ओळखलं, “अगंबाई, कुसाबाई!”

कुसाबाई पेठ तालुक्याकडची. चाळ बांधताना मजुरीला आली, नवरा तिथंच वारला, आणि टाकीला टेकून पत्र्याची खोली घालून ती राहिली. पहाटे पाणी सोडायची तीच. आमची मीना सव्वा वर्षाची असताना मोहिनीला शाळेत नोकरी लागली. आम्ही दोघं बाहेर, पोर दिवसभर कुसाबाईपाशी. अशी निम्म्या चाळीची पोरं तिनं सांभाळली.

तिनं चित्रावर बोट टेकवलं. एक रांग, दुसरी रांग, नळ, टाकी. टाकीभोवती बोट दोनदा फिरलं.

“भाऊ, माझं घर नाय काढलं?”

सांगायला लाज वाटते, पण मी म्हणालो, “कुसाबाई, ते मंजूर नकाशात नव्हतं.”

“नाय का,” ती म्हणाली, आणि पदर सावरून दाराकडे निघालीसुद्धा. रागावली असती तर बरं झालं असतं. चाळ पाडली तेव्हा चाळीस जणांना फ्लॅट मिळाले, तिला मिळाला नाही. तेव्हाही हेच कारण होतं, आणि तेव्हाही ती एवढंच बोलली होती.

“अहो, थांबवा तिला!” मोहिनी ओरडली.

मी पायऱ्यांवर तिला गाठलं, हाताला धरून परत आणलं. चित्र भिंतीवरून उतरवून टेबलावर ठेवलं. तीन दिवसांत दोन-अडीचशे माणसं त्याच्यापुढे उभी राहिली होती. एकालाही काही कमी वाटलं नव्हतं. मला तर पाच महिन्यांत वाटलं नव्हतं.

“खोली किती लांब होती?” मी पेन काढून विचारलं.

“निजलं का पाय भायेर यायचे.”

मी तिच्याकडे पाहिलं. साडेचार फुटांची बाई, म्हणजे खोली चार फूट. टाकीला लागून मी ती काढली, पत्रा काढला, दार काढलं.

“आता मला बसवा दारात.”

“माणसं मला येत नाहीत हो. उभ्या जन्मात काढली नाहीत.”

“मंग मीनाला काढा. ती मांडीवर हाय म्हणल्यावर मी आलेच.”

काढलं. पोरीचं तोंड वाकडंतिकडं झालं, ओठ खाली ओघळले. मोहिनी हसायला लागली. कुसाबाई मात्र चष्मा वर सारून कितीतरी वेळ बघत राहिली.

“बराबर हाय,” ती म्हणाली. “अशीच रडायची. तुम्ही दोघं गेले का दुपारपातुर गप नाय व्हायची. लय रडायची माझी बाय.”

मोहिनीचं हसू थांबलं. ती खुर्ची ओढून खाली बसली. दोन वर्षं, रोज संध्याकाळी पोरीला कडेवर घेताना ती विचारायची, “त्रास दिला का हो हिनं?” आणि कुसाबाई रोज सांगायची, “नाय वो, दिसभर हसत होती.”