बाईच्या मानेवरची सापीण

आमचे हे अठरा वर्षं हैदराबादच्या रेसकोर्सवर सईस होते. घोड्याला खरारा करायचा, टापा साफ करायच्या, घोडा जिंकला की फोटोत अगदी कडेला उभं राहायचं. मी इकडे देगलूरजवळ गावात शेत बघायची. दसऱ्याला यायचे, चार दिवस राहायचे, त्यातले दोन दिवस घोड्यांच्याच गप्पा. म्हणून गेल्या दिवाळीनंतर ते घरी राहायला येणार कळलं, तेव्हा मला हरखून गेल्यासारखं झालं. आले, आणि मागून टेम्पोतून घोडी उतरली.

घोडीचं कागदावरचं नाव फायनल व्हर्डिक्ट. मालक नांदेडचे बापूसाहेब वकील, म्हणून असलं नाव. सहा रेस जिंकल्यावर तिच्या पायाची शीर दुखावली. तिला काही महिने मोकळ्या रानात ठेवायचं ठरलं, आणि ती अंगाला हात लावू देईल असा माणूस एकच, वैजनाथ, म्हणजे आमचे हे. ते तिला बाई म्हणतात. "बाई, पाय उचला." लग्नाला बावीस वर्षं झाली, मला मात्र "अगं"च्या पुढे बढती मिळाली नाही.

सुरुवातीला मी तिच्याकडे बघायचीसुद्धा नाही. पण जनावर गोड निघालं. मी गोठ्यात गेले की पदर हुंगायचं, गूळ मागायचं. महिनाभरात मीच तिची आयाळ विंचरू लागले. आणि तिथेच ती दिसली. आयाळीखाली, मानेवर, केसांचा लांबट वळसा. सापीण म्हणतात तो भोवरा. तोंड स्वाराकडे.

माझे वडील माळेगावच्या जत्रेत घोड्यांची दलाली करायचे. घोडा कितीही देखणा असू द्या, ते आधी भोवरे बघायचे. सापिणीचं तोंड स्वाराकडे असलं की ती धन्याचं घर खाते, म्हणून ते दावणीवरून तसेच मागे फिरायचे. मी ह्यांना सांगितलं. ते हसले. "अगं, केसं हायेत ती. माणसाच्या डोस्क्यात बी भोवरा असतो."

पंधरा दिवसांनी हे रानात चक्कर येऊन पडले. देगलूरच्या दवाखान्यात दोन दिवस सलाईन. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब. मी मान हलवली, पण माझ्या डोळ्यांपुढे तो वळसाच. विश्वास होता असंही नाही, नव्हता असंही नाही. अठरा वर्षांनी नवरा घरी आला होता आणि मला तो हवा होता, एवढंच नक्की होतं.

सापीण तोडायची रीत मी लहानपणी पाहिलेली. तापलेल्या लोखंडाने तिच्यावर आडवी रेघ ओढायची. हे दुसऱ्या तपासणीला गेले त्या दुपारी मी चुलीत विळा तापवला. बाईला गूळ दिला. ती खात असतानाच डाग दिला. दावं तोडून ती पार बांधापर्यंत पळाली. मी हाका मारल्या, आली नाही. मी बांधावर बसून रडले. कोणासाठी, ते कळेना.

ह्यांनी संध्याकाळी मान बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि औषध लावायला बसले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तीन आठवड्यांनी बापूसाहेब आले. सोबत पुण्याकडच्या एका स्टड फार्मच्या डॉक्टर मनस्विनी. बाईचा पाय आता रेससाठी कामाचा नव्हता, म्हणून तिला पैदाशीसाठी तिकडे न्यायचं होतं. आणि वैजनाथनेही यावं. बापूसाहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "तारामती, तुम्हीपण चला. दोघांना राहायला खोली आहे तिथे." माझे पाय जमिनीवर राहीनात.

मग डॉक्टरांनी घोडीचा पासपोर्ट काढला. हो, घोडीला पासपोर्ट असतो. मानेला यंत्र लावलं, आतल्या चिपचा नंबर जुळला. मग त्यांनी पासपोर्टातलं घोडीचं चित्र उघडलं. मानेवर बरोबर त्या जागी भोवऱ्याची खूण म्हणून फुली. आमच्या वडिलांनी ज्याच्यापायी घोडा सोडला असता, तेच ह्या लोकांनी शिक्का मारून ओळख म्हणून जपलेलं! माझं डोकंच चालेना.

"इथला भोवरा कुठे गेला?" डॉक्टरांनी आयाळ बाजूला केली. "हा तर डाग दिलाय. कोणी दिला?"

"म्या," हे म्हणाले.

"मग तुम्हाला नेता येणार नाही. जनावराला डागणारा माणूस आमच्याकडे चालत नाही."

मी यांच्याकडे बघितलं. चेहरा शांत. त्यांचं अठरा वर्षांचं नाव माझ्यापायी मातीत जाताना मला बघवेना. "खोटं हाय ते," मी म्हणाले. "म्या डागली. त्यांना ठाव बी नव्हतं. सापीण होती तिथं, धन्यावर उठती."

"एका गुन्ह्याला दोन कबुल्या," बापूसाहेब हसले. "अहो, हा भोवरा मी घेतली तेव्हापासून आहे. काय वाकडं झालं माझं?" घोडी घेतली त्याच वर्षी त्यांची बायको गेली होती, हे यांनीच मला सांगितलेलं. बापूसाहेब त्या फुलीकडे बघत राहिले.

डॉक्टर शेवटी म्हणाल्या, वैजनाथ येऊ शकतात. मी नाही. त्यांचं चुकलं नाही, मीही माझ्यासारखीला गोठ्यात घेतलं नसतं.

गाडीत बाई चढली. यांनी पिशवी उचलली आणि विचारलं, "जाऊ?" एवढ्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

"जावा की," मी म्हणाले. "तुमच्याबिगर ती खाईल व्हय?"

आठ दिवसांनी फोन आला. बाई बरी आहे, जेवण बरं आहे, थंडी आहे. मला राहवेना. "तवा माझं पाप तुमच्या अंगावर कामून घेतलं?"

"पापाचं न्हाई गं. म्हणलं, डाग म्या दिला म्हणलं तर मला नेणार न्हाईत. आता घरी ऱ्हावं."

"मग बोलला का न्हाईत?"

"तू जावा म्हणलीस."