आता काय?

“पाण्याची बाटली? डबा? कंपासपेटी?” हे गॅलरीतून वाकून विचारत होते आणि खाली रस्त्यावर आमची लेक प्रत्येक प्रश्नाला मान डोलावत होती. कंपासपेटी माझ्या हातात होती. मग नेहमीप्रमाणे हे ती घेऊन अनवाणीच धावले.

आमचे हे शिलाई मशीन दुरुस्त करतात. दुकानात तोंडातून अवाक्षर काढायचे नाहीत आणि घरी आले की सगळी कसर लेकीवर भरून काढायची. उठलीस का, दात घासलेस का, वेणी, मोजे, रुमाल. तिचं नावच त्यांनी धांदल ठेवलंय. नाव ठेवायचं आणि वर तिची धांदलही आपणच करायची, असा सगळा कारभार.

शाळेचं शिबिर ठरलं, रानात तंबू ठोकून राहायचं, तेव्हा धांदलला आभाळ ठेंगणं झालं. पण बाईंनी मला बोलावून स्पष्ट सांगितलं. मागच्या सहलीत धांदल टोपी एकीकडे आणि दप्तर दुसरीकडे विसरून आली होती. या वेळी सामान तिचं तिने भरायचं आणि गल्लीच्या कोपऱ्यावर बसपाशी वेळेवर एकटीने यायचं. नाही जमलं तर बस थांबणार नाही.

घरी मी ते सांगितल्यावर दोघांचीही तोंडं उतरली. “मी मागे नसलो तर ही चपलासुद्धा उलट्या घालेल,” हे म्हणाले.

मला रागच आला. “अहो, मग दुकानात कशी नाही विसरत?”

खोटं नव्हतं ते. सुट्टीच्या दिवशी ती दुकानात जाऊन बसते. मशीन उघडलं की निघालेला एकेक भाग हे जुन्या चादरीवर ओळीने मांडतात. जोडताना सुरुवात दुसऱ्या टोकापासून. शेवटी निघालं ते आधी आत. सगळं जोडून चादरीवर काही उरलं, तर मशीन पुन्हा उघडायचं. एक अख्खं मशीन धांदलने बिनचूक जोडलं होतं. काम करताना ह्यांच्या ओठांत स्क्रू धरलेला असतो. त्यातून दोनच शब्द कसेबसे बाहेर पडतात, “आता काय?” पुढचं तीच सांगते.

“मग घरीही धरा स्क्रू,” मी म्हणाले.

मी चिडून बोलले होते, पण ह्यांनी ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवसापासून सकाळी ओठांत स्क्रू. सुरुवातीचे दिवस वाईट गेले. धांदल डबा विसरली, उपाशी राहिली, माझ्या कुशीत शिरून रडली. हे नुसते येरझाऱ्या घालत होते. पण मग ती दारात आपण होऊनच थबकायला लागली. पायरीवर उभी राहून स्वतःशीच पुटपुटायची, “आता काय?” आणि रुमाल घ्यायला परत आत यायची.

शिबिराच्या आदल्या संध्याकाळी तिने दुकानातली चादर मागून आणली. आधी लागणाऱ्या वस्तू एका टोकाला आणि शेवटी लागणाऱ्या दुसऱ्या टोकाला, अशी ओळ मांडली. मग शेवटाकडून पिशवी भरायला घेतली. रात्रीचे कपडे तळाशी, बाटली सगळ्यात वर. हे कौतुकाने बघत होते आणि एकदम त्यांचे डोळे मोठे झाले. पोरीने चादरीवर होते म्हणून बूटही आत घातले होते, थेट तळाशी. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली. स्क्रू ओठांतच राहिला.

सकाळी वेणी घालून, पिशवी खांद्याला लावून धांदल दारात आली आणि आपल्या पायांकडे बघत राहिली. खालचा ओठ थरथरायला लागला. कोपऱ्यावर बस येऊन उभी होती, सुटायला थोडाच वेळ होता. पिशवी ओढून घेऊन आपणच बूट काढावेत, असं मलाही वाटून गेलं.

ह्यांनी स्क्रू हातात घेतला. आवाज अगदी शांत होता. “आता काय?”

तिने नाक पुसलं, एक मोठा श्वास घेतला. “मशीन पुन्हा उघडायचं.”

चादर पसरली, पिशवी उपडी केली, बूट पायात चढवले आणि सगळं दुसऱ्या टोकापासून परत भरलं. मग ती उठून आत गेली, लगेच बाहेर आली आणि चादरीपाशी क्षणभर वाकली. “बाबा, कोपऱ्यापर्यंत येऊ नका हं,” म्हणाली आणि धडाधड जिना उतरून गेली.

गॅलरीतून आम्ही पाहिलं. बाईंनी तिचं नाव घेतलं असावं, कारण तिने हात वर केला. मग ती बसमध्ये चढली. तिने मागे वळून पाहिलं नाही. ह्यांचा निरोपाचा हात अर्ध्यातच राहिला. माझेही डोळे भरून आले होते, पण मला आनंद झाला होता, अगदी खूप आनंद झाला होता.

हे आत आले आणि दचकले. “अगं, चादरीवर काहीतरी राहिलंय.”

धावणारच होते, पण जवळ जाऊन थांबले. चादरीच्या मधोमध ह्यांचा चष्मा होता. रोज दुकानात जाताना हे तो घरभर शोधतात आणि रोज कुणाला तरी तो शोधून द्यावा लागतो. आज पोरीने आठवणीने काढून ठेवला होता.

ह्यांनी चष्मा घातला, परत काढला, सदऱ्याला पुसला. घर एकदम शांत झालं होतं.

“आता काय?” त्यांनी मला विचारलं.

मी चादरीची दोन टोकं धरली, दोन त्यांच्याकडे दिली आणि आम्ही ती घडी करायला लागलो.