देवाआडचा पिवळा दिवा

पुनावळ्यात बर्फ पडत नाही. आजवर कधी पडला नाही आणि पुढेही पडायची लक्षणं नाहीत. एप्रिलात तर भर दुपारी अनवाणी अंगणात उतरायची सोय नसते, पाय भाजतात. तरीही सोपानरावांच्या कुलदीपची लालभडक स्पोर्ट्स कार गेले तीन महिने बर्फातले टायर घालून गावभर हिंडत होती, आणि ते टायर दिसले की मिनलच्या तळपायाची आग मस्तकाला जायची.

मिनलचं रहाटणीत टायरचं दुकान आहे. तिचे वडील धम्मरत्न यांनी आकुर्डीच्या कारखान्यात तीस वर्षं जोडणीच्या लाईनवर घालवली आणि निवृत्त झाल्यावर लेकीला दुकानाचा गाळा घेऊन दिला. सोबत एक वाक्यही दिलं. "मीटर खोटं बोलत नाही, मिने. बोललाच तर वाचणारा खोटं बोलतो." कुलदीपची बहीण प्राजक्ता ही तिची डिप्लोमापासूनची मैत्रीण. एका डब्यात जेवलेल्या दोघी. त्यामुळे कुलदीपला ती दादा म्हणायची आणि दादाही हवा भरायला हक्कानं तिच्याकडेच यायचा.

डिसेंबरात दादाला हौस आली मनालीला जायची. तिथल्या बर्फासाठी त्यानं मुंबईहून वेगळे टायर मागवले, काळ्या रिमसकट. मिनलनंच ते चढवले आणि चढवतानाच सांगितलं, "दादा, तुझ्या मूळच्या चाकांत आतून सेन्सर आहेत. हवा कमी झाली की ते गाडीला कळवतात. या नव्या चाकांत सेन्सर नाहीत, म्हणजे आता गाडीला काही कळणार नाही. रोज सकाळी मीटर लावून बघायचं. आणि तिकडून आलास की पहिल्यांदा हे काढायचे. यांचं रबर थंडीसाठी मऊ केलेलं असतं. आपल्याकडच्या उन्हात त्याचा लगदा होतो."

"हो गं बाई, हो," दादा म्हणाला.

जानेवारीत तो परत आला तो टायर काढायला नव्हे. काळ्या रिम त्याच्या डोळ्यांत भरल्या होत्या. "राव, काय लूक आलाय गाडीला! हे राहू देत. तू फक्त तो पिवळा दिवा घालव. गाडी सुरू केली की डोळ्यात जातो."

"तो दिवा खोटा नाहीये, दादा. गाडी सांगतेय, मला चाकांतलं काही दिसत नाही. आंधळा माणूस मला दिसत नाही म्हणून ओरडतोय आणि तू म्हणतोस त्याचं तोंड बांध."

"तुला जमत नसेल तर तसं सांग."

"जमतं. करणार नाही."

आठ दिवसांनी दादा पुन्हा दुकानाशी थांबला आणि काच खाली करून हसला. "बघ, गेला तुझा दिवा." मिनलनं आत डोकावून बघितलं. स्टिअरिंगमागच्या काचेवर, बरोबर त्या दिव्याच्या जागी, ग्रामदैवत भैरवनाथाचं गोल स्टिकर चिकटवलेलं होतं. जत्रेत मिळतं ना, चांदीच्या कडेचं, तसलं. मिनलला हसावं की रडावं कळेना. त्या दिवसापासून तिनं दादाच्या गाडीला हात लावायचा नाही असं ठरवलं, आणि हीच तिची चूक झाली असं तिला पुढे बरेच दिवस वाटत राहिलं. रागावून माणूस लांब बसतो आणि टायर मात्र रस्त्यावर फिरतच राहतात.

एप्रिलात प्राजक्ताचं लग्न झालं. नवरा जयदीप, चाकणचा. पुनावळ्याच्या कार्यालयात पाचशे पानं उठली, भटजींनी पाठवणीला तीन वाजून चाळीस मिनिटांचा मुहूर्त काढून दिला, आणि कुलदीपनं जाहीर केलं की लाडकी बहीण सासरी जाईल ती त्याच्याच गाडीतून. जयदीप चालवील, शेजारी प्राजक्ता. दोनच सीटची गाडी, तिसऱ्याला जागाच नाही. "देहूरोडवरनं तळेगाव आणि तिथनं चाकण. हायवेला जरा दाबा भाऊजी, एकशे चाळीसला गाडी पाण्यासारखी जाते," असं तो जयदीपच्या खांद्यावर हात टाकून सांगत होता.

धूळ बसावी म्हणून कार्यालयाच्या अंगणात नुकतंच पाणी मारलं होतं. फुलांनी सजलेली गाडी त्या ओल्यातून आली आणि मांडवासमोरच्या कोरड्या फरशीवर थांबली. सगळे गाडीवरची फुलं बघत होते. मिनल मात्र सवयीनं मागं फरशीवर उठलेल्या चाकांच्या ओल्या खुणा बघत होती. डावीकडची खूण सलग होती, पट्ट्यासारखी. उजवीकडे मात्र दोन बारीक रेघा आणि मध्ये कोरडं.

हवा भरलेला टायर मधोमध टेकतो. हवा गेली की तो फक्त कडांवर चालतो.

तिनं दुकानाच्या व्हॅनमधून हवा मोजायचा मीटर आणला, पैठणीचा ओचा खोचला आणि भर मांडवासमोर उजव्या मागच्या चाकाशी उकिडवी बसली. काटा तेरावर थांबला. तिनं पुन्हा लावला. तेराच. रिमच्या कडेला एक चेप होता, हायवेखालच्या अंडरपासातल्या खड्ड्यात बसलेला असणार. तिथून कितीतरी दिवस हवा हळूहळू जात होती.

"ही गाडी जाणार नाही," मिनल उठून म्हणाली. "या चाकात तेरा हवा आहे, चौतीस पाहिजे. या उन्हात, या रबरावर हायवेला घातली तर तळेगावच्या आत टायर फुटेल."

सनई वाजवणारा थांबला. करवल्या एकमेकींकडे बघायला लागल्या. एक बाई पुटपुटली, "पाठवणीच्या टायमाला फुटायची भाषा! तोंडाला काय कुलूप हाय का न्हाई पोरीच्या?"

कुलदीप गर्दीतून पुढे आला. "मिनल, हे काय चाललंय? टायर नीट दिसतोय की! बसलाय का कुठं?"

"या टायरची बाजू बोटभरच उंच असते, दादा. तो बसलेला दिसतच नाही. म्हणून तर त्यात सेन्सर घालतात. तुझ्या चाकांत तो नाही, हे तुला मी डिसेंबरात सांगितलंय."

मग खुद्द त्याचे वडील सोपानराव आले. फेटा, पांढरे बूट, मनगटात जाड कडं. त्यांनी काही विचारलं नाही. बुटाच्या टोकानं टायरला लाथ घातली, मग आणखी एक. "दगडावानी हाय," त्यांनी निकाल दिला. आजूबाजूच्या चौघांनी येऊन एकेक लाथ घातली आणि चौघांनीही दगड म्हणून मान हलवली. एवढा पैसा, एवढी गाडी, आणि हवा बघायची रीत मात्र बैलगाडीच्या काळातली!

"काका, लाथेला हवा कळत नाही. मीटर बघा."

"मीटर तुझं, आकडा तुझा," सोपानराव म्हणाले. "तुझं दुकान हाय, तुला गिऱ्हाईक पायजे. पर ही जागा न्हाई पोरी. आमच्या कार्यात टायरवालीनं मुहूर्त आडवायचा म्हंजे फार झालं. व्हय बाजूला."

मिनलचे कान तापले. टायरवाली! सकाळपासून प्राजक्ताच्या निऱ्या हिनं बसवल्या, हिरवा चुडा भरताना हिनं तिचा हात धरला, तेव्हा ही घरची पोरगी होती. आता खरं बोलली तर टायरवाली झाली. तिला वाटलं, मीटर फेकावा आणि निघून जावं. मरा म्हणावं. पण एव्हाना जयदीप गाडी चालवायला बसला होता, आणि शेजारी प्राजक्ता. दाराच्या काचेतून तिचे मेंदीचे हात दिसत होते, मांडीवर ओटीचं गाठोडं घट्ट धरलेले. मिनल जागची हलली नाही. ती सरळ जाऊन गाडीच्या नाकासमोर उभी राहिली.

"घाला माझ्या अंगावरून. पण हिला घेऊन ही गाडी जाणार नाही."

"तीन चाळीस होत आले!" कुणीतरी ओरडलं. कुलदीप दात खाऊन म्हणाला, "अगं, गाडीत काही बिघाड असता तर गाडीनंच सांगितलं असतं. एकसुद्धा दिवा लागलेला नाहीये. विचार भाऊजींना!"

मिनलचा संताप आता तिच्यात मावेना. "दिवा लागलेला नाही? दादा, देवाशपथ सांग. भैरवनाथाशपथ सांग की लागलेला नाही!"

कुलदीप गप्प झाला.

ते गप्प होणं एका माणसानं टिपलं. शालनबाई, कुलदीपची आई, लेकीला सोडायला दाराशी उभ्या होत्या. सकाळपासून रडून त्यांचे डोळे सुजले होते. त्यांनी मुलाकडे बघितलं, मग मिनलकडे, आणि जयदीपला म्हणाल्या, "जावयबापू, जरा गाडी चालू करा." गाडी गुरगुरली. शालनबाई दारातून आत वाकल्या. स्टिकर बघून त्यांचा हात आधी आपोआप कपाळाला गेला. मग त्यांना स्टिकरच्या चांदीच्या कडेतून काहीतरी पिवळं झिरपताना दिसलं.

त्यांनी नखानं स्टिकर खरवडलं. ते अर्धं फाटत, चिकट तार सोडत निघालं. खाली पिवळा दिवा लख्ख पेटलेला होता.

"ह्यो कवापासनं जळतोय?" त्यांनी विचारलं.

कुलदीपनं मान खाली घातली. "जानेवारीपासनं."

"आन त्याच्यावर तू माझा देव चिकटावलास?" शालनबाईंचा आवाज चढला. "आरं, राखण करायला देव असतो, का तुझी लबाडी झाकायला? ह्या पोरीनं डिसेंबरातच सांगितलं, आन तू देव लावून तिचं त्वांड बंद केलंस. आज ती समद्यांसमोर सांगती, तर तुझा बाप लाथा घालतोय! माझी लेक बसलीय आत. तुमच्या लुकापायी तिला रस्त्यावर सांडणार व्हता व्हय रं?"

सोपानराव काहीतरी बोलायला गेले. "तुमी गप बसा," शालनबाई म्हणाल्या, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा ते बसले. शालनबाईंनी मिनलच्या हातातून मीटर घेतला आणि मुलापुढे धरला. "लाव. आन समद्यांला ऐकू यील असं वाच."

कुलदीप नव्या शेरवानीत गुडघ्यावर बसला. मीटर त्याच्या हातातून दोनदा निसटला. मग तो म्हणाला, "तेरा."

प्राजक्ता स्वतःच दार उघडून खाली उतरली. ओटीचं गाठोडं काखेत घेऊन ती मिनलच्या दुकानाच्या व्हॅनकडे चालायला लागली. व्हॅनच्या मागच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, मिनल टायर्स, रहाटणी. जयदीप मुकाट्यानं बायकोच्या मागोमाग गेला. तीन चाळीस केव्हाच टळून गेले होते आणि भटजी घड्याळाकडे बघायचं टाळत होते.

मिनलनं व्हॅनची किल्ली काढली, पण लगेच बसली नाही. राग अजून उतरला नव्हता. आकडा तिनंही तेराच सांगितला होता. तिचा तेरा कुणी ऐकला नाही, कुलदीपचा तेरा मात्र सगळ्यांनी ऐकला. ती वाकली आणि आपल्याच व्हॅनच्या पुढच्या चाकाला मीटर लावला. घाई न करता. पाचशे माणसं उन्हात उभी राहून बघत होती. पहिलं चाक झालं, दुसरं झालं, तिसरं झालं.

चौथ्या चाकाशी ती पोचली तेव्हा सोपानराव आधीच तिथं उभे होते. त्यांनी फेटा काढून काखेत धरला होता. "दे," ते खालच्या आवाजात म्हणाले आणि हात पुढे केला. पांढऱ्या बुटांवर धूळ बसू देत ते कसेबसे उकिडवे बसले, मीटर लावला, डोळे बारीक करून बघितलं.

"छत्तीस," ते म्हणाले. मग मान वर करून त्यांनी मिनलला विचारलं, "बराबर हाय का गं?"

"बरोबर आहे, काका," मिनल म्हणाली. "आता पाहिजे तर लाथ मारून बघा."