जेवढं केलं, तेवढंच

"साहेब, पान बावीस काढा," असं म्हणत तिने वकिलांच्या टेबलावरचा गठ्ठा स्वतःच उलटवायला सुरुवात केली.

वकिलांनी चष्मा कपाळावर सरकवला. "बाई, निकाल मी दोनदा वाचलाय."

"निकाल नाही. साक्ष. औषधाच्या दुकानातल्या बाईंची."

शर्टाच्या कारखान्यात ती सतरा वर्षं तयार माल तपासत होती. चुकलेला टाका तिच्या नजरेतून सुटत नसे. त्या दुकानातल्या जबरी चोरीसाठी धाकट्या भावाला सात वर्षांची सजा झाली, तेव्हा घरच्यांनी हात टेकले. वडिलांनी त्याचं नाव घेणंच सोडलं. तिने मात्र सगळ्या कागदांच्या नकला मिळवल्या आणि जेवणाच्या सुट्टीत, पट्टी ठेवून, ओळ न् ओळ वाचून काढली.

पान बावीसवर दुकानातल्या बाईंचे शब्द होते : 'सुरा उंच माणसाकडे होता. हा गल्ल्यापाशी होता. याचे हात रिकामे होते.' निकालात मात्र लिहिलं होतं, दोघांनीही सुरा दाखवला.

वकिलांनी ते पान दोनदा वाचलं. "बरं सापडलं तुम्हाला. अपिलात घालू. पण त्याआधी मी म्हणणार, ओळखच पटलेली नाही. दुकानात उजेड कमी होता. जमलं तर पुरता सुटेल."

"म्हणजे त्या बाई चेहऱ्याबद्दल खोटं बोलल्या आणि हातांबद्दल खरं?"

"कोर्टात चालतं असं."

"भावाला विचारून सांगते."

तुरुंगात जाळीपलीकडे तो येऊन बसला. गालफडं बसली होती. "ताई, किती खेटे घालशील? सोड आता."

"ते माझं मी बघीन. तू खरं सांग. दुकानात तूच होतास?"

त्याने मान खाली घातली. "होतो."

"आणि सुरा?"

"उंच्याकडे. तो काढेल हे मला ठाऊक नव्हतं गं. आईशप्पथ."

वकिलांचं म्हणणं तिने जसंच्या तसं त्याच्या कानावर घातलं. पुरता सुटशील, हेही सांगितलं. सांगताना तिलाही आशा वाटत होती. त्याने जाळीत बोटं अडकवली.

"त्या दिवशी त्या बाई नुसत्या थरथरत होत्या, ताई. तरी कोर्टात माझ्याकडे बघून बोलल्या, याचे हात रिकामे होते म्हणून. नसत्या बोलल्या तर काय केलं असतं आपण? त्यांना खोटं नको पाडूस."

"मग काही वर्षं तरी राहावं लागेल."

"राहीन."

"ठरलं तर."

वकील वैतागले. "हातातलं हत्यार टाकायला सांगताय तुम्ही!"

"टाका," ती म्हणाली. "तो दुकानात होता असंच लिहा. केलं तेवढं भोगेल. न केलेलं एक दिवससुद्धा नाही."

सुनावणी तीनदा पुढे गेली. तिन्ही वेळा ती पगार कापून घेऊन हजर राहिली. चौथ्यांदा पुकारा झाला.

"आरोपी दुकानात होता, हे मान्य आहे?" वरच्या कोर्टाच्या न्यायमूर्तींनी विचारलं.

"मान्य आहे," वकील म्हणाले.

सरकारी वकिलांनी चमकून मान वर केली. मग पान बावीस मोठ्याने वाचलं गेलं. न्यायमूर्तींनी ते मागून घेतलं आणि सरकारी वकिलांना विचारलं, "या साक्षीदारावर तुमचा भरवसा आहे ना?"

"आहे."

"मग पूर्ण ठेवा. हातांबद्दलही."

सातची चार झाली. अडीच भोगून झाली होती.

दुसऱ्या दिवशी तिने भावाला सांगितलं, तसा तो जाळीवर कपाळ टेकून रडू लागला.

"डोळे पूस," ती दरडावून म्हणाली. "दीड वर्ष राहिलंय. आतल्या सुतारखान्यात नाव घाल. बाहेर आल्यावर हाताला काम हवं."

"बाबा काय म्हणाले?"

"काही नाही. पण 'किती राहिलं' असं विचारलं."

भेटीची वेळ संपली. ती ताठ चालत फाटकाबाहेर आली आणि रस्ता ओलांडून बसच्या थांब्यापाशी पोहोचली. ती बाकावर बसली. दोन बस आल्या, गेल्या. तिसरी आली, तेव्हा ती उठली आणि तिने हात दाखवला.