रंगवलेली बुरशी

डनेडिनच्या संग्रहालयात शनिवारी दुपारी शहरातल्या जुन्या बँडांचं प्रदर्शन उघडलं. रोना गिलेस्पी रोपवाटिकेतल्या चिखलाच्या बुटांनिशीच आत शिरली. चाळीस वर्षांपूर्वी ती इथल्याच एका तिघांच्या बँडमध्ये ड्रम वाजवायची. तिला कुणी बोलावलं नव्हतं. वर्तमानपत्रात वाचून ती आली होती, ती नाक मुरडायलाच.

आत ही गर्दी! टक्कल पडलेली डोकी, सुटलेल्या पोटांवर ताणलेले जुने टीशर्ट. जो तो सांगत होता, "मी होतो ना, पहिल्या रांगेत!" रांग कसली? तेव्हा वीसेक माणसं यायची, त्यातली निम्मी बियरसाठी. आज पहिल्या रांगेवर हक्क सांगणारे सगळे त्या पबमध्ये मावलेही नसते.

मधोमध केल्विन रीड मिरवत होता. बँडमध्ये तो गिटार वाजवायचा, नेव्हिल गायचा. आता विद्यापीठात त्याच गाण्यांवर व्याख्यानं झोडतो. रोनाला पाहून तो हात पसरत आला.

"अगं रोना! काय दिवस होते ना ते?"

"गारठ्याचे," ती म्हणाली.

"तशीच आहेस बघ! ये, गंमत दाखवतो."

गंमत म्हणजे बँडची जुनी भाड्याची खोली. फाटकी गादी, रिकाम्या बाटल्या, खिडकीला ठोकलेलं ब्लँकेट, सगळं जसंच्या तसं मांडलं होतं. छतापासून भिंतीवर काळी बुरशी उतरली होती. रोनानं ती नखानं खरवडली. रंग होता.

"हुबेहूब जमलीय ना? चित्रकार खास ऑकलंडहून आणला."

"याच बुरशीत नेव्हिल खोकून खोकून गेला, केल्विन. चोवीस वर्षांचा होता."

"हो ना," त्यानं गंभीरपणे मान हलवली. "त्या ओलीतूनच तर आपला आवाज घडला."

"तुझा घडला. त्याचा बसला. त्याला पुरताना आम्ही चौघं होतो. तू कुठे होतास रे?"

केल्विननं हातातल्या वाइनकडे पाहिलं. तेवढ्यात कुणीतरी फोटोसाठी हाक मारली आणि तो सुटला.

तिथेच तिला अॅव्हिस भेटली, नेव्हिलची थोरली बहीण. ऐंशीला टेकलेली. पिशवीत त्याचा लोकरीचा कोट घेऊन आली होती, संग्रहालयाला द्यायला.

"इथे नका देऊ, अॅव्हिस. ही माणसं त्यालाही रंग फासतील."

"माणसं फालतूच आहेत गं, दिसतंय मला. पण माझ्यामागे हा कोट कचऱ्यात जाईल. यांच्याकडे निदान काचेचं कपाट आहे."

रोना तिच्याबरोबर जुन्या वस्तू घेण्याच्या टेबलापाशी गेली. तिथल्या मुलीनं फॉर्मवर लिहिलं, 'गायकाचा कोट'.

"गायकाला नाव होतं," रोना म्हणाली. "नेव्हिल टलक. लिही. पुढे लिही, ओल धरलेल्या खोलीत न्यूमोनियानं गेला, ऑगस्ट १९८४."

"एवढं मावणार नाही इथे."

"मग मागे लिही. मी थांबते."

ती खरंच थांबली, शेवटच्या अक्षरापर्यंत. तोवर मंचावर केल्विननं सुरू केलं होतं, "आम्ही सगळे एक कुटुंब होतो..." टाळ्या पडल्या. अॅव्हिसचा हात धरून रोना बाहेर पडली.

पायऱ्यांवर अॅव्हिस थबकली. "खरं सांग, गायचा कसा गं तो?"

"बेसूर," रोना म्हणाली. "पण त्याची गाणी त्यानं कुणाकडून उसनी आणली नव्हती."

अॅव्हिस हसली. कितीतरी वेळ हसत राहिली.