पॅकेजची कमान

सोलापुरातल्या एका मंगल कार्यालयात सकाळपासून रेटारेटी चालली होती. स्टेजवर प्लायवूडची कमान उभी होती. पुण्याच्या नामांकित ज्ञानशिखर कॉलेजच्या गेटची ही हुबेहूब नक्कल, असं पॅकेज महाराज नावाचे बुवा माईकवरून सांगत होते. आईबाप तिच्यापुढं नारळ फोडत होते आणि पदवीदानाच्या काळ्या टोप्या घालून रांगेत घामाघूम होत होते.

"ह्या कमानीखालून जो गेला, त्याचा पगार वर गेला!" पॅकेज महाराज गरजले. "भिंतीवरचे फोटो बघा! चाळीस लेकरं, एकाचंही वर्षाचं पॅकेज वीस लाखांच्या खाली नाही! हा मार्कांचा खेळ नव्हे, हे वास्तूचं तेज आहे!"

टाळ्यांनी पत्रे हादरले.

भीमाही रांगेत होता. तो अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल तपासायचा. त्याच्या खिशात बायकोच्या, पारूच्या, पाटल्या होत्या. पारूला जाऊन सात महिने झाले होते. "कीर्तीच्या शिक्षणाला लावा," एवढंच ती शेवटी म्हणाली होती. त्र्याण्णव टक्क्यांवर लेकीचा, कीर्तीचा, नंबर सोलापुरातच सरकारी कॉलेजात लागला होता. पण पाटल्या महाराजांच्या ताटात पडल्या, की ज्ञानशिखरची सीट पक्की होणार होती.

"बाबा, घरी चला की," कीर्ती म्हणाली.

"गप बस. तुझ्या आईला काय सांगू मी?"

टेबलामागं महाराजांचा शिष्य मार्कलिस्ट बघत होता. पुढं शेजारच्या गिरिजाबाई होत्या. त्यांच्या नातवाला, धुळाला, अठ्ठावन्न टक्के.

"ग्रहमान कच्चं हाय आजी. पुढच्या साली या."

कीर्तीची मार्कलिस्ट बघून मात्र तो उठून उभाच राहिला. "या ताई, या! काय तेज हाय!"

भीमाचा हात खिशातच थांबला. "सायेब, नव्वदच्या खालची किती पोरं सोडली कमानीखालनं?"

"एकबी न्हाय. कमान बाटती."

भीमाला हसू फुटलं. सात महिन्यांत पहिल्यांदाच.

"आवं, ह्ये तर माझंच काम हाय! सूत तुटलेला टॉवेल मी बाजूला टाकतो, चांगल्यावर 'फर्स्ट'चा शिक्का मारतो. उद्या म्हणलो, माझ्या शिक्क्यानंच टॉवेल मऊ झाला, तर मालक त्याच टॉवेलनं हाणील की मला!"

लोक हसले. महाराज कडाडले, "शंका घेणाऱ्याचं पॅकेज निम्मं होतं!" दोघातिघांनी घाबरून टोप्या कानांवर ओढल्या.

भीमानं कार्यालयाच्या ओळखीच्या झाडूवाल्याला हाक मारली. "अण्णाराव, कमान लावून चार दिस झालं, तुमी तिच्याखालनं जाताय-येताय. पगार वाढला का?"

"कंबरदुखी वाढली," अण्णाराव म्हणाले.

"मंग म्हाराज, आमच्या धुळाला बी जाऊ द्या की खालनं!" गिरिजाबाई ओरडल्या. "तेज कमानीत हाय म्हणता न्हवं?"

महाराजांनी माईक बिघडल्याची खूण केली.

आता कीर्ती पुढं झाली. "माझ्याइतकेच मार्क पडून दुसऱ्या कॉलेजात गेलेल्या पोरांचे फोटो कुठायत? ती किती कमावतात?"

ते फोटो कुणाकडंच नव्हते.

भीमानं पाटल्या कीर्तीच्या हातात ठेवल्या. "ह्या तुझ्याच शिक्षणाच्या. चल, सरकारी कॉलेजात ॲडमिशन घेऊ."

नामांकित कॉलेज चांगलं असेलही. तिथल्या ओळखी एखाद्याच्या कामीही येतील. पण आधी हुशार पोरं वेचून घ्यायची आणि त्यांची कमाई विटांच्या नावावर खपवायची, हा चमत्कार नव्हे, निवड आहे. भिंतीवरचे फोटो बघून हात जोडू नका. जे लावलेले नाहीत, ते मागा.